पाईपचा उपास

डोंबिवलीच्या भगवानराव तळवडेकरांकडे एक पाईप होता आणि त्याच्याविषयी बोलायला त्यांना कुठलंही निमित्त पुरत असे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून हमरीतुमरी चाललेली असो नाहीतर कुणाच्या मुलीचा साखरपुडा असो, भगवानराव हळूच खिशातून तंबाखू ओढायचा तो पाईप काढायचे, अंगठ्याने त्याची लाकडी वाटी कुरवाळायचे आणि म्हणायचे, "कॅलबर्न आहे. अठ्ठ्याऐंशी सालचा. अजून एक चरा नाही." झालं! मग पुढचा वेळ त्यांचा. समोरचा जांभया देऊन देऊन थकला तरी यांची गाडी स्टेशन सोडायची नाही.

वागळे इस्टेटच्या कारखान्यात ते तरुण सुपरवायझर असताना इंग्लंडहून मशीन बसवायला एक साहेब आला होता. जाताना त्याने आपला कोरा करकरीत पाईप भगवानरावांच्या हातावर ठेवला. "बायको नंतर आली, पाईप आधी आला," असं भगवानराव स्वतःच चारचौघांत सांगून हसायचे. विनिताबाई चहाचा ट्रे घेऊन तिथे आलेल्या असल्या तर त्याही हसायच्या. थोडंसंच.

माणूस मात्र शांत. अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या घरात नवराबायकोची भांडणं जिन्यापर्यंत यायची, तेव्हा इतर बायका विनिताबाईंना म्हणायच्या, "तुमचं बरं आहे हो, देवमाणूस मिळालाय." भगवानरावांच्या कानावर हे गेलेलं होतं, आणि ते त्यांना मनापासून पटलेलंही होतं.

दर रविवारी सकाळी ते ठाण्याला जायचे. माजिवड्याला साईनाथ नावाचा एक कॉम्प्युटरवाला राहायचा, चाळिशीचा, एकटा, वरच्या मजल्यावर, आणि घराला लागून मोकळी गच्ची. त्या गच्चीत तिघांची बैठक जमायची. साईनाथ, भगवानराव आणि बाळकुमचा रतन नाखवा. रतन म्हणजे भगवानरावांचा कारखान्यातला जोडीदार. खाडीकाठच्या कोळ्यांचा पोर, पण मासेमारीत न जाता लेथवर उभा राहिला आणि भगवानरावांच्याच शिफ्टमध्ये म्हातारा झाला. त्यालाही पाईपचा नाद भगवानरावांनीच लावला. त्याचा भाचा दिपेश जहाजावर होता, त्याच्याकडून रतनने स्वतःसाठी कॅलबर्न मागवलेला.

आता गंमत अशी की कॅलबर्नचं नाव काढलं की दुनियेत दोन तट पडायचे. साईनाथ मोबाईलवर वाचून दाखवायचा. एक मालक लिहायचा, असा पाईप दुसरा होणे नाही, नातवाला देऊन जाणार. लगेच खाली दुसरा लिहायचा, महिन्याभरात वाटी जळून आरपार भोक पडलं, कंपनीच्या नावानं चांगभलं. तिसऱ्याची दांडीच तडकलेली. एकच कंपनी, एकच घाट, आणि एकाला सोनं तर एकाला माती. असं का, यावर त्या गच्चीत तासन्‌तास काथ्याकूट चालायचा.

भगवानरावांना त्याचं उत्तर पाठ होतं. "पाईप वाईट नसतो, माणूस वाईट असतो. शिस्त पाहिजे! माझा पाईप दरवर्षी उपास करतो."

हे मात्र खरं होतं. भगवानराव श्रावण कडक पाळायचे. गटारीच्या संध्याकाळी शेवटचा झुरका घ्यायचा, पाईप गार करायचा आणि विनिताबाईंच्या हातात द्यायचा. त्या तो देवघराच्या खालच्या खणात पितळेच्या तबकात ठेवायच्या. मग श्रावण, मग गणपती. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी विनिताबाई तो आणून द्यायच्या. "आणि सांगतो तुम्हाला," भगवानराव डोळे मिटून म्हणायचे, "पहिला झुरका असा लागतो जसा पाईप नवा कोरा आहे! लाकडाला विश्रांती मिळते ना. नाहीतर आमचा रतन. भर श्रावणात याची धुराडी चालू. एक महिना दम निघत नाही याला."

रतन नुसता हसायचा. "आपल्याला नाय जमत बाबा तुझ्यासारखं," एवढंच म्हणायचा.

त्या वर्षीही विसर्जन आटोपलं आणि मधे एक रविवार गेल्यावर साईनाथने फर्मान काढलं. "यावेळी आपापले कॅलबर्न घेऊन या. एकदाचा सोक्षमोक्ष लावू." भगवानराव सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माजिवड्याला हजर. रतन उशिरा आला, आणि त्याने खिशातून जो पाईप काढून टेबलावर ठेवला तो बघून साईनाथ ओरडलाच, "अरे बाप रे! काका, हे काय केलंत?"

पाईपच्या वाटीला खालून भोक पडलेलं. कडेचं लाकूड जळून कोळसा झालेलं. बोट घातलं तर पलीकडून दिसेल.

"झाला असा," रतन म्हणाला. "काय करणार?"

भगवानरावांनी तो पाईप दोन बोटांत धरून नाकासमोर फिरवला. एखाद्या मास्तरने ढ मुलाची पाटी धरावी तसा. आणि मग ते सुरू झाले. थांबतात कुठले! हा पाईप बघूनच ओढणाऱ्याचा स्वभाव कळतो म्हणाले. हावरटासारखं ओढलंय, एक पेटवला की लगेच दुसरा, मधे गार होऊ दिलेला नाही. आतली काजळी कधी नीट खरवडलेली नाही. तंबाखू ठासून भरलाय. "अरे, मुक्या जनावरालासुद्धा असं राबवत नाहीत रतन! इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून तू हेच शिकलास? वस्तू सांभाळायला अंगात काही लागतं. ते नसलं की मग कंपनीच्या नावाने बोंब."

रतन मान खाली घालून ऐकत होता. एकदा काहीतरी बोलायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण परत मिटलं.

साईनाथला रतनची दया आली असावी. तो म्हणाला, "काका, शिस्तबिस्त ठीक आहे, पण मला वेगळंच सापडलंय. जुना कारखाना कधीच बंद पडला. नाव विकलं गेलं. आता हे पाईप दुसरीकडेच कुठेतरी बनतात आणि त्यांचा काही भरवसा नाही, लागला तर मटका. ओळखायचं कसं? जुन्यावर नावाखाली 'लंडन' असं ठोकलेलं असतं. नव्यावर ते नसतं, तिथे एक बारीकसं पान कोरलेलं असतं. जुन्यासाठी लोक अक्षरशः जीव टाकतात. द्या तुमचा, फोटो काढतो. तिकडे टाकतो, जळतील सगळे."

भगवानरावांनी ऐटीत पाईप पुढे केला. साईनाथने मोबाईल जवळ नेला, फोटो काढला, बोटांनी मोठा केला. परत काढला. परत मोठा केला.

"काय रे?"

"काका, यावर पान आहे."

"काहीतरीच काय! नीट बघ."

साईनाथने मोबाईल त्यांच्यासमोर धरला. नाव स्पष्ट दिसत होतं. खाली लंडनबिंडन काही नाही. एक चिमुकलं पान, देठासकट. भगवानरावांनी चष्मा पुसला, पाईप उन्हात नेला, नखाने ते पान खरवडून पाहिलं. पान जागचं हलेना. इतकी वर्षं पाईप तोंडात होता, पण दांडीवरची अक्षरं त्यांनी कधी वाचली नव्हती. आपलं नाक कुणी रोज निरखून बघतं का?

"हा माझा नाही," ते म्हणाले. "हा पाईप माझा नाहीये."

"मग तुमचा कुठे गेला?"

त्या क्षणी भगवानरावांना मागचा रविवार आठवला. इथेच, या टेबलावर, गार करायला म्हणून आपला पाईप बशीत ठेवलेला. रतनने त्या दिवशी आपला बाहेर काढलाच नव्हता. साईनाथ आत चहा करत होता. आपण हात धुवायला गेलो होतो. बाहेर एकटा रतन. घाट तोच, रंग तोच. डोक्यात सगळं फटाफट जुळत गेलं आणि त्यांनी रतनकडे पाहिलं. रतनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रतन," भगवानराव म्हणाले. आवाज अर्थात चढलेला नव्हता. "माझा पाईप आण."

"भगवान, अरे..."

"जुन्याला मागणी आहे हे तुला ठाऊक होतं. दिपेशने सांगितलं असणार. हा तुझा पाईप आहे. माझ्या हातात तुझा दिलास, आणि इथे दाखवायला हा कुठला तरी जळका उचलून आणलास. खरं की खोटं?"

साईनाथचं तोंड उघडं ते उघडंच. रतनने भगवानरावांच्या हातातल्या पाईपकडे पाहिलं, मग टेबलावरच्या जळक्या पाईपकडे. "पाईप माझा हाय, ते खरं," तो हळू म्हणाला. "पण मी चोर नाय."

"मग बदलला कसा, ते सांग."

रतनने नाही सांगितलं. तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि लिफ्टचीही वाट न बघता जिन्याने चालू पडला. जवळजवळ आयुष्यभराचा जोडीदार, आणि एक शब्द बोलला नाही. भगवानरावांना वाटलं, बोलणार तरी काय? पकडला गेला.

घरी येईपर्यंत त्यांचा संताप पुरता शिजला होता. विनिताबाई स्वयंपाकघरात वालाचं बिरडं ढवळत होत्या. भगवानरावांनी दारातूनच सगळा वृत्तांत ऐकवला. "चोर निघाला गं! रतन चोर निघाला! माझ्या डोळ्यांदेखत पाईप बदलला आणि तोंड वर करून म्हणतो, पाईप माझाच आहे. थांब, आता कारखान्याच्या ग्रुपवरच टाकतो. सगळ्या जुन्या लोकांना कळू दे, कुणाशी इतकी वर्षं डबा वाटून खाल्ला ते. बाळकुमात तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्याला." त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि मोबाईलवर एका बोटाने अक्षरं दाबायला लागले.

"अहो, थांबा."

"का थांबू?"

"टाकू नका ते. पाया पडते तुमच्या, टाकू नका."

भगवानरावांनी मान वर केली. विनिताबाईंनी गॅस बंद केला होता. पदराला हात पुसत त्या आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. नवरा बोलत असताना त्या कधी अशा समोर बसत नसत.

"तुमचा तो साहेबाचा पाईप केव्हाच गेला," त्या म्हणाल्या. "आपली शिवानी दहावीला होती त्या वर्षीच गेला. श्रावण लागताच पितळेची भांडी काढली होती चिंचेच्या पाण्यात. घाईघाईत देवघरातलं तबकही उचलून बादलीत टाकलं. त्यात पाईप आहे हे लक्षातच राहिलं नाही हो. दुसऱ्या दिवशी समया काढायला हात घातला तर पाईप हाताला लागला. फुगलेला. वाळवला तसा उभा चिरला."

भगवानरावांनी खिशातून पाईप काढून उलटासुलटा केला.

"मग? मग मी इतकी वर्षं ओढतोय तो काय?"

"रतनभाऊजींकडे गेले मी. दुसरं कोण होतं? त्यांच्या भाच्याने जहाजावरून तसाच आणून दिला. भाऊजींनी तो महिनाभर स्वतः ओढला, काळा केला, तेलपाणी करून जुना दिसेलसा केला. तुम्हाला कळू नये म्हणून. मग मी तुम्हाला दिला. तुम्ही म्हणालात, उपासाने काय चव आली आहे बघ." त्या क्षणभर थांबल्या. "ते नवे पाईप चांगले नसतात हो सगळे. एखादा टिकतो, एखाद्याला वर्षातच तडा. दर श्रावणात मी खण उघडून बघते, धडधडतं छातीत. बरा असला तर सुटले. नसला की भाऊजींना फोन. भर श्रावणात ते ओढतात ना, ज्यावरून तुम्ही त्यांना बोलता, ते तुमचाच पाईप मुरवत असतात."

भगवानरावांनी पाईप टेबलावर ठेवला.

"यंदा तबकातून उचलला तर तुमच्या पाईपच्या बुडाचा जळका तुकडाच गळून पडला, खालून भोक. दिपेशने जहाज सोडलंय, नवा कुठून आणणार? भाऊजी म्हणाले, वैनी, माझा घ्या, माझा चांगला निघालाय. त्यांनी स्वतःचा दिला आणि तुमचा जळका घेऊन गेले."

म्हणजे सकाळी गच्चीत ज्याला हावरट म्हटलं, अंगात काही नाही म्हटलं, ज्याचा स्वभाव पाईप बघून ओळखला, तो माणूस दुसरा कुणी नव्हता, आपणच होतो. आणि रतन सगळं ऐकत बसला! एक शब्द बोलला असता तर सुटला असता. चोर ठरला, तरी बोलला नाही.

"पण का?" त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं. "अगं वेडी आहेस का तू? सांगायचं ना सरळ, फुटला म्हणून! मी काय खाल्लं असतं तुला? कधी आवाज तरी चढवलाय का मी तुझ्यावर?"

"नाही ना चढवलात," विनिताबाई म्हणाल्या. "आईंची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली होती, आठवतंय?"

त्यांना काही म्हणता काही आठवेना.

"तेव्हा तुम्ही बोलणं टाकलंत माझ्याशी. रागावला नाहीत, काही नाही. नुसते गप्प. गणपतीला पाहुणे आले, त्यांच्याशी हसलात, बोललात, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. शिवानी एवढीशी, ती मधे निरोप आणायची. आई, बाबा विचारतायत मीठ कुठंय. मी समोर उभी असायची हो, हातात मीठ घेऊन. दिवाळी आली तेव्हा बोललात. आणि ते एकदाच नाही. कप फुटला की तेच, दूध उतू गेलं की तेच." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच वाहू दिलं. "पाईप विकत तरी मिळत होता. तुमचं बोलणं मी कुठून आणणार होते?"

त्या दुपारी बिरडं तसंच राहिलं. भगवानराव गॅलरीत जाऊन बसले. ग्रुपवर टाकायला लिहिलेलं त्यांनी पुसून टाकलं. देवमाणूस! आपल्या घरात एक बाई दर श्रावणात खण उघडताना घाबरत होती आणि आपण गच्चीत बसून विश्रांतीची महती सांगत होतो. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बाळकुमला पोहोचले. चारी बाजूंनी टॉवर उठलेले आणि मधे जुनं गाव. रतनच्या दारात त्याची बायको गंगुबाई मासळी निवडत बसलेली. तिने यांना बघितलं आणि कोयता बाजूला ठेवला.

"आलंव? या. झडती घ्या घराची. आमचं चोरांचं घर हाय ना."

"वहिनी, मी..."

"गंगे, गप ऱ्हा," आतून रतनचा आवाज आला. तो बनियनवरच बाहेर आला आणि ओट्यावर बसला. भगवानरावांनाही बस म्हणाला.

"सांगितलंन वैनीनी?"

"सांगितलं." भगवानरावांनी खिशातून पाईप काढून त्याच्या हातात ठेवला. "तुझा आहे. रतन, मी काल जे बोललो... मला तोंड नाही रे माफी मागायला. पण तू काल का नाही सांगितलंस? साईनाथसमोर तुझी अब्रू काढली मी!"

"वैनीला शब्द दिलेला." रतनने पाईप उलटासुलटा करून पाहिला. "पहिल्या टायमाला वैनी इथं आल्या ना, इथंच, तू बसलास तिथं, तेव्हा काय रडत होत्या! मला वाटलं, तू मारतोस बायकोला. खरं सांगतो. मी उठलेलो तुला दोन लगावायला. आपला भगवान असा निघाला म्हणून."

"अरे, मी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नाही!"

"तेच बोलल्या त्या. बोलल्या, भाऊजी, मारलं असतं तर बरं झालं असतं. एकदाचं संपलं असतं."

भगवानरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या ओट्यावर, गंगुबाईच्या देखत, ते ढसाढसा रडले. गंगुबाई उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिचाही राग तेवढ्याने निवळला असावा, कारण निघताना तिने सुक्या जवळ्याची पुडी बांधून दिली. रतन नाक्यापर्यंत सोडायला आला. रिक्षात बसवताना म्हणाला, "रविवारी ये. साईनाथला काय सांगायचं ते मी बघतो. तू घरचं बघ."

परतीच्या वाटेवर भगवानरावांना पिसासारखं हलकं वाटत होतं. रतन सुटला, आपणही सुटलो. आता घरी जायचं आणि विनिताला सांगायचं, आजपासून घरात काहीही फुटो, सांडो, जळो, आपण बोलायचं. हसून बोलायचं. तिला बसवायचं, जवळ्याचं कालवण आज आपण करायचं, जमेल तसं. रिक्षा सोडून ते बिल्डिंगमध्ये शिरले तेव्हा वॉचमनलाही त्यांनी कारण नसताना हाक मारली. तो बिचारा बघतच राहिला.

किल्लीने दार उघडलं आणि आतून खळ्‌कन आवाज आला. मग कुणीतरी घाईघाईने काहीतरी गोळा करत असल्याचा आवाज. भगवानराव पुडी हातात घेऊन तसेच स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

विनिताबाई जमिनीवर बसल्या होत्या. काचेचा ग्लास फुटला होता, शिवानीने दिवाळीला आणलेल्या सेटमधला. काचा त्या हाताने गोळा करून पदरात भरत होत्या, लपवायच्या घाईत. नवरा दारात दिसला तसा त्यांनी पदर मुठीत आवळला. तळहातातून रक्ताचा ओघळ मनगटावर आला होता, तो त्यांना दिसलाही नसावा.

भगवानरावांना बोलायचं होतं. रिक्षात सगळं ठरवून आले होते. पण ते दृश्य बघून त्यांची वाचाच बसली. ते नुसते उभे, गप्प.

आणि ते गप्प आहेत हे बघून विनिताबाईंचा चेहरा काळवंडला. काल सगळं बोलून झालं होतं, तरी तो चेहरा तसाच झाला, जसा इतकी वर्षं होत आला असणार आणि यांनी कधी पाहिला नव्हता. बोल भगवान, ते स्वतःला म्हणत होते, काहीतरी बोल, मेल्या. पुडी हातातून गळून पडली. ते गुडघ्यांवर खाली बसले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"लागलं का गं तुला?"

"नाही हो, नाही," विनिताबाई घाईघाईने म्हणाल्या. "एकच फुटलाय. बाकीचे सगळे नीट आहेत."